थांब आणि लांब : एका कॉयरनं कविता गमावली त्याचं प्रकरण

हे प्रकरण पुण्यातल्या एका हौशी कॉयरचं, म्हणजे अनेक आवाजांत मिळून गाणाऱ्या गटाचं आहे. मी त्यात टेनर गातो, शिवाय पत्रव्यवहार, हॉलचं बुकिंग आणि परवानग्या बघतो. इथं सांगितलेल्या चुकांपैकी निदान दोन थेट माझ्या हातून झाल्या. कॉयरचं, कवीचं आणि त्यांच्या कुटुंबाचं नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. आधुनिक मराठी कवितेला अनेक आवाजांच्या रचनेत बसवू पाहणाऱ्या कुणालाही यातलं काहीतरी उपयोगी पडावं, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पार्श्वभूमी

आम्ही तेव्हा 26 जण होतो. सोप्रानो (बायकांचे वरचे आवाज) आठ, ऑल्टो (बायकांचे खालचे) आठ, टेनर (पुरुषांचे वरचे) चार, बास (पुरुषांचे खालचे) सहा. निम्मे मराठी, पाचसहा जण मूळचे गोव्याचे, दोघे मिझोरमहून शिकायला आलेले विद्यार्थी, बाकीचे नोकरीनिमित्त पुण्यात रुळलेले. दर मंगळवारी आणि शनिवारी एका शाळेच्या वरच्या वर्गात तालीम व्हायची. आम्ही अ कापेला गातो, म्हणजे वाद्याची साथ न घेता, निव्वळ गळ्यांवर. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ ‘चॅपलच्या रीतीनं’ असा आहे. सुरुवातीला एकजण पिच पाइपवर, म्हणजे सूर देणाऱ्या छोट्या शिट्टीवर सूर देतो, त्यानंतर आधार फक्त शेजाऱ्याच्या आवाजाचा.

हे गाणं आपल्याकडे अगदीच परकं नाही. गोव्यातल्या चर्चमध्ये मोटेट, म्हणजे अनेक आवाजांतली धार्मिक गीतं, पिढ्यान्‌पिढ्या गायले जातात आणि मुंबईत विक्टर परांज्योती यांनी 1950च्या दशकात उभं केलेलं कॉयर जगभर गाऊन आलं. मात्र आमच्या कार्यक्रमात मराठी औषधालाही नसायचं. पाचशे वर्षांपूर्वीचं लॅटिन, विसाव्या शतकातलं इंग्रजी, थोडं फ्रेंच आणि डिसेंबरात कॅरल. ऐकायला येणारे आमचेच काकामामा मध्यंतरात विचारायचे, “अरे, आपल्या भाषेत काही नाही का?”

आमच्या कंडक्टर मॅडमना हा प्रश्न फार लागायचा. आज जगात अ कापेला कॉयरसाठी जे नवं लिहिलं जातं त्यातलं कितीतरी कवितेवर बेतलेलं असतं. संगीतकार आपल्या भाषेतला कवी घेतो आणि ती कविता चार, आठ, कधी सोळा आवाजांत वाटून देतो. मराठीत कवितेला चाल लावायची परंपरा जबरदस्त आहे, पण ती भावगीताची. गाणारा एक, शब्द पुढे, बाकी सगळं मागे. कविता अनेक तोंडांनी एकाच वेळी बोलली तर कशी ऐकू येईल, हे मॅडमना करून बघायचं होतं.

परदेशात रचनाशास्त्र शिकून परतलेला एक तरुण संगीतकार आमच्या ओळखीचा होता. नोव्हेंबरअखेरच्या कार्यक्रमासाठी त्याच्याकडून सहा मिनिटांची रचना लिहून घ्यायची ठरली. मानधन 40 हजार, दोन हप्त्यांत. कविता त्यानंच निवडली. कवी जाऊन तेव्हा तीसेक वर्षं झाली होती. पाऊस येण्याआधी घरात पसरणाऱ्या शांततेची ती कविता, 17 ओळींची, मुक्तछंदातली. शेवटचा शब्द होता ‘थांब’.

रचना कशी होती

जूनमध्ये पहिली पानं आली आणि आम्ही हरखून गेलो. ऑल्टो ओठ मिटून एका सुरावर गुणगुणत सुरुवात करायच्या, त्यावर टेनर पहिली ओळ म्हणायचे. चौथ्या ओळीपाशी आवाज फुटायचे. सोप्रानो पुढे निघून जायच्या, बास अजून दुसऱ्याच ओळीत रेंगाळलेले. ‘आभाळ’ या शब्दावर सोप्रानो वरच्या ए फ्लॅट या सुराला पोचायच्या आणि तिथं कॉयरचे आठ भाग व्हायचे. शेवटी ‘थांब’ पाचदा, दर वेळी आणखी हळू. त्या शब्दात ‘आ’ हळूहळू मिटत ‘म्’ वर येतो, म्हणजे गाणाऱ्याचं तोंड आपोआप बंद होतं आणि गुणगुण उरते. रचना जिथून सुरू झाली तिथंच अशी अलगद परत यायची. एका शब्दाच्या उच्चारातून त्यानं अख्ख्या रचनेचा आकार काढला होता. इतक्या बारकाईनं मराठी ऐकणारा संगीतकार आम्हाला त्याआधी भेटला नव्हता.

तालमीत अडचणी होत्या, पण त्या नेहमीच्या. मिझोरमचे दोघे घरच्या चर्चमध्ये टॉनिक सोल्फावर, म्हणजे सूर अक्षरांनी लिहायच्या पद्धतीवर वाढलेले. पाच रेघांवरचं स्टाफ नोटेशन मिळाल्यावर ते आधी प्रत्येक सुरावर बारीक पेन्सिलीनं त्यांची सोल्फाची अक्षरं लिहायचे आणि मग बिनचूक गायचे. देवनागरी त्यांना येत नसे, म्हणून शब्द रोमन लिपीत. त्यात ‘चांदणं’मधला च आणि ‘चिमणी’मधला च सारखाच दिसतो. तसं बघितलं तर देवनागरीतही सारखाच दिसतो, पण मराठी माणसाची जीभ न सांगता जागा बदलते.

अडचण

परवानगीची जबाबदारी माझी होती. कवीच्या थोरल्या चिरंजीवांचा नंबर मिळवून मी जुलैमध्ये फोन केला. त्यांना फार आनंद झाला. “करा की, बाबांना आवडलं असतं,” एवढं बोलून त्यांनी कार्यक्रमाची तारीख विचारली. मी ‘परवानगी मिळाली’ अशी नोंद वहीत केली आणि विषय संपवला. वारस तीन होते आणि लेखी काहीच नव्हतं. ही पहिली चूक.

दुसरी ऑक्टोबरमध्ये झाली. तालमीचं रेकॉर्डिंग घरी सरावासाठी आमच्या ग्रुपवर टाकायची पद्धत होती. बासमधल्या एकानं हौसेनं त्यातला चाळीस सेकंदांचा तुकडा स्टेटसला ठेवला, खाली कवितेचं नाव आणि कवीचं नाव. तो तुकडा नेमका आवाज फुटतात तिथला. सूर अजून बसले नव्हते, बास अर्ध्या सुरानं खाली, चार ओळी एकमेकींवर चढलेल्या. फिरत फिरत तो कवीच्या धाकट्या कन्येपर्यंत गेला. वडिलांची हस्तलिखितं, पत्रं, कात्रणं इतकी वर्षं त्यांनी एकटीनं सांभाळली होती. आम्ही त्यांना ताई म्हणू. मी त्यांच्याशी कधी बोललोच नव्हतो.

कार्यक्रम साडेसहा आठवड्यांवर असताना त्यांची चार ओळींची ईमेल आली. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, त्यांची संमती नाही, आणि ऐकलेल्या तुकड्यात त्यांना वडिलांची कविता ओळखू आली नाही. सूर कुठंही चढलेला नव्हता, त्यामुळे वाचताना आणखीच वाईट वाटलं.

मॅडम, संगीतकार आणि मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला, आमचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, स्कोअरची, म्हणजे सूर आणि शब्द लिहिलेली पानं चाळली. मग म्हणाल्या, “मी एकदा वाचून दाखवते.” जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी ती कविता वाचली. सातव्या ओळीनंतर त्या थांबल्या. बराच वेळ. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू केली, ती लांब गेली, तरी त्या थांबलेल्याच. मग आठवी ओळ. पुढं त्यांनी सांगितलं की वडील वाचायचे तेव्हा तिथं तेवढंच थांबायचे, छापील पुस्तकात तिथं फक्त नवी ओळ आहे.

आमच्या रचनेत त्या जागी बास सर्वांत जोरात होते.

संगीतकारानं त्या वेळी काहीच उत्तर दिलं नाही. जिना उतरताना म्हणाला, “मी ती फक्त डोळ्यांनी वाचली होती.”

गाण्यात शब्द हरवतात ही तक्रार जुनी आहे. सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेतही अनेक आवाजांच्या गुंत्यात प्रार्थनेचे शब्द कळत नाहीत यावर खल झाला होता. पण तिथं शब्द सगळ्यांना पाठ होते. चर्चमधली लॅटिन उपासना, म्हणजे मास, ऐकणाऱ्याला पुढचा शब्द ठाऊकच असतो. इथं कविता लोक पहिल्यांदा ऐकणार होते आणि ती कविता शांततेची होती. ताईंचा आक्षेप आमच्या मंचावरच्या हक्काला नव्हता, रचनेच्या गाभ्याला होता. मला त्या दिवशीही तो बरोबर वाटला आणि आजही वाटतो.

पर्याय कोणते होते

हॉलची आगाऊ रक्कम भरली होती, पत्रिका छापायला जायची होती आणि कार्यक्रमाचा उत्तरार्ध या एका रचनेभोवती बांधला होता.

सर्वांत आधी कायद्याचं बघितलं. भारतात कवितेवरचा हक्क कवीच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो. 1992 पर्यंत ही मुदत 50 वर्षांची होती. 1941 साली गेलेल्या रवींद्रनाथांच्या साहित्यावरचे हक्क संपायला आले, तेव्हा ती दहा वर्षांनी वाढवली गेली. म्हणजे आमच्या कवितेवर अजून तीस वर्षं वारसांचा हक्क. 1957च्या कायद्याच्या 52व्या कलमात हौशी मंडळांसाठी एक सवलत आहे. श्रोत्यांकडून पैसे न घेता केलेल्या प्रयोगाला हक्कभंग मानत नाहीत. आमच्या देणगी प्रवेशिका 200 रुपयांच्या होत्या, त्या रद्द करून कार्यक्रम मोफत करता आला असता. ओळखीच्या वकिलांनी स्पष्ट सांगितलं की प्रयोगाचा बचाव एक वेळ होईल, पण शब्दांसकट छापलेल्या स्कोअरच्या प्रती आणि इंटरनेटवर टाकायचं रेकॉर्डिंग त्यात बसणार नाही. शिवाय तीन वारसांपैकी एकाचा होकार पुरेसा धरू नका. मॅडमनी ही वाट तिथंच बंद केली. ज्यांच्या घरी चहा घेतला त्यांच्याविरुद्ध कलम काढायचं नाही, असं त्या म्हणाल्या.

दुसरी वाट थोरल्या भावांमार्फत ताईंचं मन वळवायची. भाऊ तयार होते, त्यांनी आपणहून तसं सुचवलंही. मला मोह झाला होता हे कबूल करतो. पण आमच्या एका संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी भावाबहिणींना समोरासमोर उभं करणं कुणालाच पटेना.

तिसरी वाट, शब्दच काढून टाकायचे आणि सगळं ‘आ’ आणि ‘ऊ’ वर गायचं. एका शनिवारी करून पाहिलं. व्यंजनं गेली तसा रचनेचा कणा गेला. शब्दाच्या सुरुवातीच्या ‘त’, ‘प’, ‘क’ वर 26 जण एकत्र येतात, तीच आमची टाळी असते. ती नसल्यावर सहा मिनिटांत कॉयर पाऊण सूर खाली उतरलं.

चौथी वाट हक्कमुक्त कविता. बालकवी 1918 साली गेले, त्यांची कविता कुणालाही घेता येते. मर्ढेकर 1956 साली गेले, त्यांच्यावरचे हक्क 2016 अखेर संपले. बालकवींची एक कविता आम्ही एका संध्याकाळी या सुरांवर ठेवून पाहिली. मात्रावृत्ताची लय इतकी पक्की की ती रचनेला आपल्या मागून ओढत नेऊ लागली. मुक्तछंदासाठी लिहिलेली लांबआखूड स्वरवाक्यं तिच्या अंगावर बसेनात. मोठ्या कवीचं चांगलं काम दुसऱ्या कुणासाठी शिवलेल्या कपड्यात कोंबण्यात अर्थ नव्हता.

पाचवी वाट मॅडमना आठवली ती एका अमेरिकन रचनेवरून. संगीतकार एरिक व्हिटॅकर यांनी कवी रॉबर्ट फ्रॉस्टच्या बर्फाळ रानातल्या संध्याकाळच्या सुप्रसिद्ध कवितेवर अ कापेला रचना केली होती. आपल्या आईवडिलांच्या स्मृतीसाठी एका बाईंनी ती लिहून घेतली होती आणि 2000 साली ती टेक्ससमध्ये गायलीही गेली. व्हिटॅकर यांनीच सांगितल्याप्रमाणे नंतर फ्रॉस्टच्या वारसांनी आणि प्रकाशकांनी परवानगी साफ नाकारली. तेव्हा त्यांनी त्यांचे कवी मित्र चार्ल्स अँथनी सिल्व्हेस्ट्री यांना तयार संगीतावर नवी कविता लिहायला सांगितली. फ्रॉस्टच्या कवितेचा शेवट ज्या ‘स्लीप’ या शब्दावर होतो तो त्यांनी ठेवला आणि त्याचंच शीर्षक केलं. 2011 साली जगभरच्या 58 देशांतल्या गायकांनी घरबसल्या रेकॉर्ड करून जोडलेलं गाणं तेच. फ्रॉस्टची मूळ कविता 1923 सालची, ती अमेरिकेत 1 जानेवारी 2019 रोजी हक्कमुक्त झाली. तोवर नव्या शब्दांनी त्या संगीतात घर केलं होतं.

सहावी वाट, रचना मागे घेणं आणि जुनं काहीतरी गाणं. संगीतकाराचं मत सुरुवातीला हेच होतं.

काय केलं

पाचवी वाट धरली. निर्णय मॅडमचा, संगीतकाराची संमती चार दिवसांनी आली. तयार सुरांवर शब्द लिहायचे म्हणजे मीटर बघून भरती करायची, अशी त्याची भीती होती. त्याच्या दोन अटी होत्या. मूळ कवितेतली एकही प्रतिमा उचलायची नाही, पावसाचं नाव काढायचं नाही. आणि शब्द सुचले नाहीत तर रचना मागे.

लिहिलं आमच्याच ऑल्टोमधल्या एका मावशींनी. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, आयुष्यात कवितेचं पुस्तक न छापलेल्या. त्यांना रचना आतून पाठ होती. त्यांनी माझ्याकडून रिकामी पानं मागून घेतली, नुसते सूर असलेली, आणि प्रत्येक सुराखाली फक्त स्वर लिहून काढले. इथं ‘आ’ हवा, इथं ‘ए’ चालेल, इथं ‘ई’ आली तर सोप्रानोंचा गळा चिमटेल. तीन दिवस त्यांच्या वहीत एकही शब्द नव्हता, नुसत्या आ, ओ, ए यांच्या ओळी.

चौथ्या दिवशी त्यांना आठवलं ते त्यांचं कोकणातलं लहानपण. खाडीच्या अलीकडे उभं राहून पलीकडच्या तरीवाल्याला, म्हणजे तरीवरून (उतारावरून) होडीनं माणसं नेणाऱ्याला मारायची हाक. संध्याकाळी पाणी स्थिर असलं की हाक परत यायची, आणि परत आलेली आपली की पलीकडून कुणी मारलेली हे कळायचं नाही. त्यांनी पहिल्यांदा वाचून दाखवलेल्या ओळी अशा :

हाक दिली तरीवरून,
पाणी ऐकत राहिलं.
पलीकडून निघाला आवाज
माझ्यापाशी पोचेतो
माझाच झाला होता.
किती लांब आलास, लांब.

संगीतकारानं कागद हातात घेतला आणि पेन्सिलीनं दोनच ठिकाणी खुणा केल्या. जिथं ‘आभाळ’ होतं तिथं ‘आवाज’ आला होता, तशीच दोन टप्प्यांची उडी, तोच उघडा ‘आ’. आणि शेवटी ‘थांब’च्या जागी ‘लांब’. तोच आ, तोच मिटत जाणारा म्. अर्थ सगळा बदलला होता, तोंडाची हालचाल तीच राहिली होती.

याहून महत्त्वाची गोष्ट तालमीत कळली. त्याच सुरांत, त्याच ठिकाणी सोप्रानो पुढं निघून जातात आणि बास मागं रेंगाळतात, ते आता खटकत नव्हतं. हाक आणि तिचा पडसाद एकमेकांवर चढणारच. तुटलेला, परत आलेला, अर्धवट ऐकू आलेला शब्द हाच या कवितेचा विषय होता. पहिल्या कवितेवर आम्ही अनेक आवाज लादले होते, ही अनेक आवाजांतूनच जन्मली होती. ताईंनी टेबलाशी बसून दाखवलेला दोष शब्द बदलल्यावर दोष राहिला नाही. सूर सगळे तेच होते.

उच्चारांचं काम मात्र पुन्हा पहिल्यापासून. ‘माझ्यापाशी’मधला झ टाळूला लागतो, ‘माझाच’मधला दातांपाशी. ‘पोचेतो’मधला च मऊ, ‘माझाच’मधला वेगळा. लागोपाठच्या दोन ओळींत चारही. गोव्याच्या मंडळींना कोंकणीमुळे हे सहज जमलं, मिझोरमच्या दोघांनी स्वतःच्या खुणा तयार केल्या. खरा त्रास ‘आवाज’च्या शेवटच्या ज नं दिला. ‘आभाळ’मधला ळ विरून जायचा. हा ज 26 जणांनी म्हटला की डास घोंघावल्यासारखा ऐकू यायचा, आणि काही जण सवयीनं ‘आवाजऽ’ असा अ लावून शब्द लांबवायचे. शेवटी ठरलं की ज फक्त दोन ऑल्टोंनी म्हणायचा, बाकीच्यांनी ‘आवा’वर सूर धरून सोडून द्यायचा. हॉलमध्ये शब्द पूर्ण ऐकू येतो.

सूर उतरण्यावरही एक निर्णय घ्यावा लागला. वाद्य नसलं की कॉयर जवळच्या आवाजाशी जुळवून घेतं. नैसर्गिक शुद्ध गांधार पियानोच्या गांधारापेक्षा 14 सेंटनी (अर्धा सूर म्हणजे 100 सेंट) खाली असतो, आणि बासच्या उतरत्या ओळीत दर पायरीला थोडं थोडं घसरत गेलं की शेवटी अख्खं कॉयर खाली बसतं. आम्ही डी फ्लॅट या पट्टीत सुरू करून जवळजवळ सी मध्ये संपवत होतो. संगीतकारानं अख्खी रचना अर्ध्या सुरानं वर, डी मध्ये नेली. सोप्रानो घाबरल्या, कारण त्यांचा वरचा सूर आता ए झाला. पण नव्या पट्टीत गळ्याच्या जुन्या सवयी सुटतात. दोन आठवड्यांत उतार पाव सुरावर आला.

निष्पत्ती

कार्यक्रम ठरल्या दिवशी झाला. दोनशेच्या आसपास माणसं होती. गाण्याआधी मावशींनी पूर्ण कविता संथपणे वाचून दाखवली. ही कल्पना थेट ताईंच्या टेबलावरून आलेली. रचना पाच मिनिटं चाळीस सेकंदांची झाली. शेवटचा ‘लांब’ मिटल्यावर गुणगुण चालू असतानाच कुणीतरी टाळी वाजवली आणि थांबलं, मग हॉल शांत राहिला, मग सगळ्यांनी वाजवल्या. मध्यंतरात नेहमीचे एक काका म्हणाले, “शब्द सगळे नाही कळले, पण तरीवर उभा होतो.”

नुकसानही झालं. स्टेटस ठेवणाऱ्या बासला सगळ्यांसमोर बोलणी बसली आणि तो कॉयर सोडून गेला. ते समोर बोलायला नको होतं. रेकॉर्डिंग बाहेर द्यायचं नाही असा नियम आम्ही कधी सांगितलाच नव्हता. पत्रिका दुसऱ्यांदा छापावी लागली. मूळ शब्दांची सगळी पानं गोळा करून संगीतकाराकडे दिली. तालमीची जुनी रेकॉर्डिंग ग्रुपवरून काढली, पण कुणाच्या फोनमध्ये काय उरलं असेल ते सांगता येत नाही. ताईंना मी निमंत्रण पाठवलं होतं, सोबत झालेल्या चुकीबद्दल पत्र. त्या आल्या नाहीत. थोरले भाऊ आले, शेवटच्या रांगेत बसले आणि न भेटता गेले.

पुन्हा करायचं झालं तर

पहिला सूर लिहिण्याआधी विचारलं असतं. रचना तयार झाल्यावर मागितलेली परवानगी म्हणजे समोरच्याला नकाराची जागाच न ठेवणं. जुलैत फोनवर होकार मिळाला तेव्हा ‘तुम्ही किती भावंडं?’ एवढं विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. आता आमच्याकडे एक पानी कागद आहे. त्यावर सगळ्या वारसांची सही, गायन, छपाई आणि रेकॉर्डिंग यांचे वेगवेगळे रकाने, आणि ओळी आवाजांत विभागल्या जातील, शब्द पुन्हा पुन्हा येतील, हे साध्या मराठीत लिहिलेलं. ही शेवटची गोष्ट भावगीत डोळ्यासमोर असलेल्या माणसाला सांगावीच लागते. ‘तुमच्या कवितेला चाल लावतो’ म्हटलं की त्याला एक गाणारा दिसतो.

संगीतकाराशी करार करताना शब्दांची परवानगी नाकारली गेली तर काय, हे लिहायला हवं होतं. दुसऱ्या हप्त्यावरून आमच्यात एक अवघड संध्याकाळ गेली. नवे शब्द बसवायचं कामही त्यानंच केलं होतं आणि त्याचे वेगळे पैसे आम्ही देऊ शकलो नाही.

आणि कविता कुणाकडून तरी मोठ्यानं ऐकायची. जमलं तर कवीकडून, नाहीतर ज्याच्या कानात कवीचा आवाज आहे त्याच्याकडून. जूनमध्येच आम्ही ताईंकडे गेलो असतो तर कदाचित त्यांनी तेव्हाही नको म्हटलं असतं. पण सातव्या ओळीनंतरची ती जागा आम्हाला रचना लिहून होण्याआधी कळली असती आणि संगीतकारानं बहुधा स्वतःच दुसरी कविता शोधली असती. मावशींच्या कवितेवर तो आज पुष्कळ खूश आहे, तरी हे तो प्रत्येक वेळी म्हणतो.

नव्या शब्दांची वाट सगळ्यांना सुचवावी का, याबद्दल मी साशंक आहे. आमच्याकडे रचना पाठ असलेली, भाषेत मुरलेली बाई कॉयरच्या आतच होती आणि तिला खाडी आठवली. बाहेरून कुणाला बोलावून सहा आठवड्यांत हे झालं नसतं.

त्यानंतर

कार्यक्रमानंतर तीन महिन्यांनी ताईंची ईमेल आली, संगीतकाराच्या नावानं. सोबत एक ध्वनिफीत जोडलेली. त्यांनी आपल्या आवाजात ती 17 ओळींची कविता वाचली होती. खाली लिहिलं होतं, “हे ऐकण्यासाठी पाठवते आहे. चाल लावण्यासाठी नाही.”

त्यानं ती मला एकदाच ऐकवली, तालमीच्या आधी रिकाम्या वर्गात. सातव्या ओळीनंतर ताई थांबतात. मागं पंख्याची घरघर ऐकू येते. मग आठवी ओळ येते.